घरी बनवलेले पिसे काढण्याचे यंत्र: चकती फिरते, पण कातडी फाटते

मळेकरी_करवीर

नमस्कार मंडळी.

पन्हाळ्याच्या वाटेवर आमचा मळा आहे आणि उसाच्या बांधाला लागून केलेल्या शेडमध्ये साधारण दीडशे गावरान कोंबड्या आहेत. कोल्हापुरातल्या दुकानांत ब्रॉयलर सोलूनच मिळतो. कातडी पिसांसकट ओढून काढली की काम संपते, त्यामुळे तिथे पिसे काढण्याचा प्रश्नच येत नाही. गावरान घेणारे गिऱ्हाईक मात्र कातडीसकट, हळद लावून जाळावर भाजलेली कोंबडी मागते, कारण त्या कातडीतल्या चरबीशिवाय रश्श्याला चव येत नाही असे त्याचे म्हणणे असते आणि ते खरेही आहे. एक कोंबडी हाताने साफ करायला दहा-बारा मिनिटे लागतात. आषाढातल्या रविवारी वीस-पंचवीस कोंबड्या असल्या की आई आणि सौ. पहाटे चारला बसतात, आणि दुपारपर्यंत दोघींच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असतात.

म्हणून यंत्र करायला घेतले. दोनशे लिटरचे निळे बॅरल मधोमध कापून खालचा भाग वापरला. बॅरलची आतली रुंदी ५६० मिलिमीटर आहे. तळाशी ६ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची, ५२० मिलिमीटर व्यासाची चकती उभ्या शाफ्टवर बसवली, म्हणजे कडेने सगळीकडे २० मिलिमीटरची फट राहते आणि तिच्यातून पिसे व पाणी खाली पडते. चकतीवर ३६ आणि बॅरलच्या भिंतीत ८४ रबरी बोटे आहेत. मोटार एक एचपीची, सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची, घरातच पडून होती. कोंबडी आत टाकली की चकतीवरची बोटे तिला फिरवतात, भिंतीवरची बोटे अडवतात, आणि या ओढाताणीत पिसे निघतात, अशी ही सरळ रचना आहे.

परवा पहिल्यांदा सहा कोंबड्या घेतल्या. पहिल्या दोघींची छातीवरची आणि मांडीवरची कातडी फाटली. मधल्या दोन बऱ्या निघाल्या. शेवटच्या दोघींची पंखांची व शेपटीची पिसे जशीच्या तशी राहिली. एकूण तिघींचे पंख मोडले, आणि एक कोंबडी तर उडून बॅरलच्या बाहेर, थेट सौ.च्या पायावर आली. यंत्रात नेमके काय चुकले आहे, हे जाणकारांनी सांगावे.

लेथवाला_उद्यमनगर

मळेकरी दादा, कोंबडी बाहेर उडते याचा अर्थ चकती फार जोरात फिरते आहे. मोटारीवरची पुली किती इंची आणि शाफ्टवरची किती इंची, ते कळवा. बोटे कोणती वापरली आहेत तेही लिहा, कारण सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा पाण्याच्या पाइपचे तुकडे लावून नंतर यंत्राला नावे ठेवणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

खुराडे_गडहिंग्लज

पाणी किती तापवले होते?

मळेकरी_करवीर

मिस्त्री, मोटारीवर ३ इंची आणि शाफ्टवर ८ इंची पुली आहे. बोटे तयार, नैसर्गिक रबराची, कड्या-कड्यांची घेतली आहेत. तिथे काटकसर केलेली नाही.

ताई, पाणी घरच्या बंबातले होते, चांगले वाफाळते. त्यात काही अडचण नसावी.

लेथवाला_उद्यमनगर

मग हिशेब सरळ आहे. १४४० ला ३ ने गुणून ८ ने भागले की ५४० येतात. तुमची चकती मिनिटाला ५४० फेरे घेते, म्हणजे तिची कड सेकंदाला जवळजवळ पंधरा मीटर वेगाने पळते. या यंत्राला २५० ते ३०० फेरे पुरेसे असतात आणि तेव्हा कडेचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या आसपास राहतो. त्याच्या पुढे गेलात की बोट पीस धरून ओढण्याऐवजी कोंबडीला झोडपते.

शाफ्टवरची पुली १४ इंची करा, ३०८ फेरे मिळतील. मोटारीवरची पुली मात्र ३ इंचांपेक्षा लहान करू नका. दोन इंची घालून काम भागेल असे वाटते, पण ए सेक्शनचा (पाचराच्या आकाराचा) पट्टा इतक्या लहान वळणावर वाकला की घसरतो, तापतो, आणि महिन्याभरात आतल्या बाजूने तडकतो.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. इचलकरंजीत मोडीत निघालेल्या मागांच्या जुन्या मोटारी मिळतात. त्या बहुतेक एक एचपीच्या आणि ९६० फेऱ्यांच्या असतात, दिवसरात्र चालण्यासाठी बांधलेल्या असतात आणि वजनाने दणदणीत असतात. त्यावर ३ इंची आणि शाफ्टला १० इंची पुली लावली की २८८ फेरे होतात आणि मोठ्या पुलीची अडगळही राहत नाही. फक्त त्या थ्री फेज असतात, तेवढे पाहा.

आता भोकांविषयी, कारण अर्धे लोक तिथे फसतात. बोटाच्या मुळाशी एक गळा असतो आणि तो पत्र्याच्या जाडीत अडकून बसतो. भोक अर्धा मिलिमीटरने मोठे झाले तरी बोट दोन दिवसांत निसटते; लहान झाले तर बसवताना गळ्यालाच चीर जाते. म्हणून बोट हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. एका टाकाऊ पत्र्यावर दोन-तीन मापांची भोके पाडून बघावे, साबणाचे पाणी लावून बोट खालून ओढावे, आणि जे ओढताना हाताला जोर लावायला लावते पण बसल्यावर जागचे हलत नाही, ते माप धरावे. भोकाच्या दोन्ही कडा गोल करून घ्या. अॅल्युमिनियमची धारदार कड रबराला सुरीसारखी कापते. माझ्या पहिल्या यंत्रातली अकरा बोटे अशीच गेली आणि मी आठवडाभर रबरवाल्याला दोष देत होतो.

शाफ्ट २५ मिलिमीटरचा, ईएन-८ जातीच्या पोलादाचा आणि बेअरिंग यूसीएफ २०५ ची जोडी असावी. वरच्या बेअरिंगच्या डोक्यावर रबरी सील किंवा छत्रीसारखी गोल वाटी बसवा, नाहीतर चकतीच्या मधून झिरपणारे पाणी, चरबी आणि पिसांची भुकटी थेट बेअरिंगमध्ये जाते.

वायरमन_शाहूपुरी

मधे बोलतो त्याबद्दल क्षमस्व, पण बॅरलच्या बरोबर खाली मोटार, वरून पाण्याचा पाइप, आणि ओल्या पायांनी उभा असलेला माणूस हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले आणि राहवले नाही.

मोटार बॅरलच्या खाली नव्हे, बाजूला घ्या आणि तिच्यावर पत्र्याची टोपी घाला. घेता आली तर आयपी-५५ दर्जाची मोटार घ्या, कारण तिच्यावर पाण्याचा फवारा आला तरी आत पाणी जात नाही. लोखंडी सांगाड्याला आणि मोटारीला स्वतंत्र अर्थिंग द्या, आणि या जोडणीपुरता ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. साधा एमसीबी शॉर्ट सर्किटला पडतो. माणसाच्या अंगातून जाणाऱ्या गळतीला तो दाद देत नाही. हा फरक शेतावर कोणी लक्षात घेत नाही.

साधे बटन लावू नका. पंपाला असतो तसा नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा. वीज गेली, तुम्ही आतली कोंबडी काढायला हात घातला, आणि तेवढ्यात वीज आली, तर साध्या बटनावरचे यंत्र आपोआप सुरू होते. स्टार्टरवरचे होत नाही.

मागाची मोटार सिंगल फेजवर चालवायची असेल तर ड्राइव्ह लावता येतो. २३० व्होल्टच्या सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह बाहेर २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, आणि मागाची मोटार बहुधा ‘स्टार’ पद्धतीने, ४१५ व्होल्टसाठी जोडलेली असते. तशीच लावली तर फिरेल, पण ओझे आले की दम तोडेल. तिच्या वाइंडिंगची सहाही टोके बाहेर काढून २३० व्होल्टसाठी ‘डेल्टा’ पद्धतीने जोडून घ्यावी लागतील. वाइंडिंगवाल्याला हे नुसते सांगितले तरी पुरते. शेतीपंपाच्या जोडणीवरून हे यंत्र चालवण्याचा विचार मात्र करू नका. ती वीज ठराविक तासच असते, आणि शेतीच्या दराची वीज धंद्याला वापरणे नियमातही बसत नाही.

मळेकरी_करवीर

दहा दिवसांनी लिहितो आहे. उद्यमनगरात १४ इंची पुली करून घेतली, मोटार बाजूला घेतली, स्टार्टर आणि आरसीसीबी बसवला. चकतीवर खडूने खूण करून मोबाइलमध्ये चित्रण केले आणि फेरे मोजले, तर रिकाम्या यंत्रात ३०० च्या जरा वर भरतात.

काल पुन्हा सहा कोंबड्या काढल्या. आता एकही बाहेर उडाली नाही आणि एकाच कोंबडीचा पंख मोडला, म्हणजे मिस्त्रींचे निदान बरोबर होते. पण पहिल्या दोघींची कातडी पुन्हा फाटली, आणि शेवटच्या दोघींना चाळीस सेकंद फिरवूनही पंखांची मोठी पिसे निघाली नाहीत. शेवटी त्या हातानेच साफ केल्या. आई काही बोलली नाही, पण पाट घेऊन बसली तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. बोटे अधिक मऊ घ्यावीत का, की त्यांची संख्या वाढवावी?

खुराडे_गडहिंग्लज

दादा, तुम्ही दोन्ही वेळा एकच गोष्ट लिहिली आहे आणि ती तुमच्याच नजरेतून सुटली आहे. पहिल्या दोघींची कातडी फाटली, मधल्या दोन बऱ्या निघाल्या, शेवटच्या दोघींची पिसे राहिली. सहाही वेळा यंत्र तेच, बोटे तीच, आणि आता तर फेरेही बदलून झाले, तरी क्रम तोच राहिला. पहिल्या कोंबडीपासून सहाव्या कोंबडीपर्यंत बदलत गेली अशी एकच वस्तू तुमच्या अंगणात होती, आणि ती म्हणजे पातेल्यातले पाणी.

बंबातले वाफाळते पाणी म्हणजे पंच्याहत्तर-ऐंशी अंश असणार. त्यात कोंबडी बुचकळली की वरची कातडी शिजते, आणि शिजलेली कातडी बोटाला लागली की साय फाटावी तशी फाटते. ओली कोंबडी आत-बाहेर करताना पाणी निवत जाते, उघड्या पातेल्यातून उष्णता जाते, आणि पाचव्या कोंबडीपर्यंत तेच पाणी पंचावन्नच्या खाली आलेले असते. त्या पाण्यात पिसांची मुळे सैल होत नाहीत, मग चकती तासभर फिरवली तरी व्यर्थ.

मी गेली सहा वर्षे हातानेच पिसे काढते, माझ्याकडे यंत्र नाही. पण पाणी नीट असेल तर छातीची पिसे तळहाताने पुसल्यासारखी निघतात. उपटावी लागत नाहीत. बोट बुडवून ‘चटका बसला की झाले’ हा अंदाज मी पूर्वी घेत असे आणि वर्षानुवर्षे दहातल्या तीन कोंबड्या खराब करत असे. मग एक साधा, काचेचा नसलेला, सळईचा थर्मामीटर घेतला. गावरान पक्षी मी ६१ ते ६३ अंशांत बुचकळते. तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, असेल तर पंचेचाळीस सेकंद पुरतात. दोन वर्षांची अंडी देऊन थकलेली कोंबडी किंवा जुना कोंबडा असेल तर मिनिटभर, कधी सव्वा मिनिट.

घड्याळापेक्षा शेपटी खरे सांगते. पायांना धरून कोंबडी पाण्यात खाली-वर करत राहावे, म्हणजे पिसांच्या खाली पाणी शिरते, आणि तीस सेकंदांनंतर दर थोड्या वेळाने शेपटीचे किंवा पंखाच्या टोकाचे एक मोठे पीस ओढून पाहावे. अडखळले तर परत बुडवावे. लोण्यातून काडी निघावी तसे आले की लगेच बाहेर काढावे. पायांचे खवले घासल्यावर सुटू लागले, तर तीही वेळ झाल्याचीच खूण आहे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकते, कारण पिसांवर तेलाचा हात असतो आणि साध्या पाण्याचे थेंब त्यावरून घरंगळतात. नंतर स्वच्छ पाण्याने धुते, हे वेगळे सांगायला नको.

थर्मामीटर हाती येईपर्यंत एक अंदाज देते. आपल्याकडे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. उन्हाळ्यात टाकीतले पाणी पंचवीस अंश धरले, तर अर्धे उकळते आणि अर्धे साधे मिसळल्यावर एकसष्टच्या जवळ येते. थंडीत तेच साधे पाणी अठरा अंशांवर असते आणि अर्धे-अर्धे केले तर अठ्ठावन्नच मिळते, म्हणून तेव्हा उकळते थोडे जास्त घ्यावे. पातेलेही काही उष्णता खाते, तेवढे धरून चालावे.

लेथवाला_उद्यमनगर

ताई, तुमचा पहिल्याच दिवशीचा प्रश्न मी वाचला होता आणि पुली मोजण्याच्या नादात पुढे गेलो. आमच्या गल्लीत कोणतीही तक्रार आली की पहिला हात पुलीवरच जातो.

निवृत्त_पशुवैद्य

खुराडे ताईंनी लिहिले ते योग्य आहे. त्यामागचे कारण थोडक्यात सांगतो. प्रत्येक पीस कातडीतल्या एका पिशवीत बसलेले असते आणि त्या पिशवीभोवतीचे स्नायू व तंतू त्याला धरून ठेवतात. उष्णतेने या तंतूंची पकड सुटते. ५० ते ५३ अंशांच्या पाण्यातही ती सुटते, पण दीड-दोन मिनिटे लागतात, आणि कातडीवरचा पिवळा पापुद्रा शाबूत राहतो. साठच्या पुढे काम पाऊण ते एका मिनिटात होते, मात्र तो पापुद्रा यंत्रात निघून जातो आणि कातडी फिकट, किंचित चिकट दिसते. मळेकरी यांनी हे फाटणे समजू नये. तुम्हाला पुढे हळद लावून भाजायचेच आहे, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही. बदक असेल तर ६५ ते ७० अंश लागतात, कारण त्यांच्या पिसांखाली पाणी सहज शिरत नाही.

दोन गोष्टी पाण्याच्याही आधीच्या आहेत. कापल्यावर रक्त पूर्ण वाहून जायला दीड-दोन मिनिटे द्यावीत. श्वास चालू असलेला पक्षी पाण्यात बुडवणे क्रूरपणाचे आहे, आणि ते घाण पाणी त्याच्या फुप्फुसांत जाते ते वेगळेच. मात्र त्यानंतर रेंगाळूही नये. शरीर ताठरू लागले की पिसांची पकड पुन्हा घट्ट होते. सहा कोंबड्या एकदम कापून ठेवून मग एकेक बुचकळण्याची पद्धत असेल, तर शेवटच्या दोघींची पिसे राहण्याला तेही कारण असू शकते.

दुसरी गोष्ट मोडलेल्या पंखांची. कापताना कोंबडी हातात फडफडते आणि पंख पुष्कळदा तिथेच मोडतो. यंत्रात तो फक्त दिसून येतो. पत्र्याचे, उलट्या नरसाळ्यासारखे शंकू भिंतीला ठोकून घ्यावेत, डोके खाली करून कोंबडी त्यात घालावी. पंख अंगाशी दाबलेले राहतात, पक्षी शांत राहतो, रक्तही एका भांड्यात जमा होते.

पातेल्यातल्या पाण्याविषयी एक सूचना आहे. पायांची विष्ठा त्यातच मिसळते आणि साठ अंशांना सगळे जंतू मरतात असे नाही. म्हणून बुचकळण्याआधी पाय नळाखाली धुवावेत, आठ-दहा पक्ष्यांनंतर पाणी बदलावे, आणि यंत्रातला फवारा पिण्याच्या पाण्याचाच असावा. विक्री करत असाल तर नोंदणीही करून घ्या. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार दिवसाला ५० किंवा त्याहून कमी कोंबड्या कापणारा लहान व्यावसायिक परवान्याऐवजी साध्या नोंदणीवर काम करू शकतो. वीस-पंचवीस कोंबड्यांसाठी तुम्ही त्यातच बसता.

कसबा_बावडा_७

माझ्याकडे जेमतेम बारा कोंबड्या आहेत आणि महिन्यातून एखादीच कापली जाते. एवढ्यासाठी बॅरल, पुली आणि स्टार्टर परवडणार नाही. चार इंची पीव्हीसी टोपीला बोटे लावून ती ड्रिल मशीनवर फिरवतात असे पाहिले आहे. ते कितपत चालते?

लेथवाला_उद्यमनगर

चालते. कोंबडी हातात धरून फिरत्या बोटांपुढे फिरवत राहावी लागते, म्हणजे एकाला ड्रिल पक्के बांधून ठेवावे लागते आणि दुसऱ्याचे दोन्ही हात कोंबडीत अडकतात. दोन-तीन मिनिटांत एक साफ होते. पिसे मात्र सगळ्या अंगणात आणि तोंडावर उडतात, म्हणून पाठीमागे गोणपाट टांगा. वेग बदलता येणारेच ड्रिल घ्या आणि ओल्या हाताने ते धरू नका. वायरमन साहेबांनी वर लिहिलेले सगळे इथे दुपटीने लागू आहे. महिन्याला एकाच कोंबडीसाठी मात्र मी तेही करणार नाही. ताईंचा थर्मामीटर घ्या आणि हाताने काढा.

पाचट_शिरोळ

पिसांचे काय करता, हे कोणीच लिहिले नाही. पंचवीस कोंबड्यांची ओली पिसे पाटीभर तरी होतात. आमच्याकडे पूर्वी ती ओढ्यात जात आणि पहिल्या पावसात शेजाऱ्याच्या मोरीत जाऊन अडकत. पिसांत जवळजवळ पंधरा टक्के नत्र असते, पण ती कुजायला फार वेळ घेतात. मी उसाचे पाचट, शेण आणि पिसे असे थर देऊन खड्डा भरतो. पाचटात नत्र कमी असते, पिसांत भरपूर, त्यामुळे दोघांचे जमते. वर मातीचा जाड थर द्या आणि खड्ड्यावर काटेरी झाकण ठेवा, नाहीतर रात्री कुत्री सगळे उकरतात. सहा-सात महिन्यांनी पिसांचे दांडे तेवढे ओळखू येतात, बाकी माती झालेली असते.

मळेकरी_करवीर

मंडळी, कालच्या रविवारी चौदा कोंबड्या काढल्या. या वेळी वहीत प्रत्येकीची नोंद ठेवली, म्हणून सविस्तर लिहितो.

थर्मामीटर घेतला. बंबातले पाणी मोजून पाहिले तर ते ७८ अंश निघाले. ताईंचा अंदाज दोन अंशांच्या आत बरोबर होता. पन्नास लिटरचे पातेले चुलीवर ठेवले, बाहेरून गोणपाट गुंडाळले नाही कारण खाली जाळ होता, पण अर्धे झाकण मात्र ठेवले. सौ. फक्त पाण्याकडे पाहत होती. काटा ६१ च्या खाली आला की चुलीत उसाच्या वाळल्या चिपाडाची एक मूठ, ६३ च्या वर गेला की तांब्याभर गार पाणी. हे काम दिसते त्यापेक्षा अवघड आहे. चिपाड भडकन पेटते आणि पाणी दोन मिनिटांत ६६ वर जाते. चौथी कोंबडी त्यात सापडली आणि तिची मांडीवरची कातडी दोन बोटे फाटली. त्यानंतर आम्ही चिपाड बंद करून बाभळीचे एकच जाड लाकूड ठेवले आणि काटा जागचा हलेनासा झाला.

पत्र्याचे चार शंकू करून घेतले आहेत. चार कोंबड्या एका वेळी, त्या संपल्याशिवाय पुढच्या नाहीत. चौदांपैकी एकीचाही पंख मोडला नाही. म्हणजे जो दोष मी तीन आठवडे चकतीला देत होतो, तो बराचसा माझ्या हातांचा होता.

यंत्रात एक कोंबडी साधारण वीस सेकंद लागते. पहिल्या पाच सेकंदांत छाती आणि पाठ उघडी पडते, मग मांड्या, आणि शेवटी पंखांची मोठी पिसे. पंचवीस सेकंदांच्या पुढे ठेवण्यात अर्थ नाही, कारण जे तोवर निघाले नाही ते नंतरही निघत नाही. दोन कोंबड्या एकदम टाकून पाहिल्या. त्या एकमेकींना घासून अधिक चांगल्या फिरतात, पण एकीचा पाय दुसरीच्या पंखात अडकला, म्हणून सध्या एकेकच टाकतो. बुचकळण्यापासून भाजायला देईपर्यंत एका कोंबडीला अडीच मिनिटे पडली.

राहिलेल्या अडचणी दोन आहेत. एक, नव्याने फुटणारी कोवळी पिसे, ज्यांचे नुसते काळे खुंट कातडीत असतात, ती यंत्राला सापडत नाहीत; ती आईने चिमट्याने काढली आणि लव जाळावर भाजली. पिसे गाळून नवी फुटत असलेली कोंबडी त्या रविवारी न घेणे एवढाच उपाय दिसतो. दुसरी, भिंतीवरची सर्वांत खालची सात बोटे टोकाला झिजू लागली आहेत.

खुराडे_गडहिंग्लज

थर्मामीटर पातेल्यात कुठे धरला होता? तळाशी आणि वर चार-पाच अंशांचा फरक असतो. दर वेळी आधी पाणी ढवळून मग मोजा. आणि आईंना विचारा, त्यांना तलंगाची कातडी जरा जास्त शिजल्यासारखी वाटली का. वाटली असेल तर तलंगासाठी साठच ठेवा.

लेथवाला_उद्यमनगर

खालची बोटे चकतीपासून किती उंचीवर आहेत? दीड इंचापेक्षा कमी असतील तर फिरणारी बोटे त्यांना घासत असणार. ती सात काढा, भोके बुजवा आणि इंचभर वर नवी पाडा. रविवारच्या आत यंत्र घेऊन येणार असाल तर शनिवारी दुपारनंतर या, सकाळी फौंड्रीचे काम असते.

मळेकरी_करवीर

मिस्त्री, आत्ताच मोजले, सव्वा इंच भरते. शनिवारी तीनपर्यंत येतो. चकती आणि बॅरल टेम्पोत घालून आणतो, मोटार इथेच ठेवतो.

ताई, थर्मामीटर कडेला, वरच्या वर टांगला होता, त्यामुळे तळाचे पाणी ६३ च्या पुढे असणार. आईला विचारले. ती म्हणाली, तलंगाची कातडी भाजताना जरा लवकर करपली. पुढच्या खेपेला साठवर करून पाहतो आणि इथेच लिहितो.